क्लार्कची चूक

त्यांच्या टेबलावर संस्थेने दिलेला कॉम्प्युटर होता, पण प्लगमध्ये कायम इस्त्री असायची. कॉम्प्युटर लावायचा तर आधी इस्त्री काढावी लागे, आणि ती काढायला ते तयार नसत. "थांब रे इंजिनिअर, अजून तीन मार्कशीट राहिल्यात," म्हणायचे. मी थांबायचो. गाझियाबादच्या त्या उकाड्यात, पंखा बंद (पंखा चालू ठेवला तर कागद उडतात), घामाच्या धारा पुसत एका रिटायर्ड फौजी क्लार्कची इस्त्री संपायची वाट बघत बसायचो. माझ्या डिग्रीत हे कुठे लिहिलं नव्हतं.

हो, ते खरोखर मार्कशीटला इस्त्री करायचे. दहावीची मार्कशीट चार घड्या घालून, खिशात कोंबून, ओढणीच्या गाठीत बांधून पोरं-पोरी प्रवेशाला यायची. हे ती टेबलावर पसरायचे, वर पांढरा रुमाल टाकायचे आणि कोमट इस्त्री हलक्या हाताने फिरवायचे. मग दोन्ही हातांनी परत द्यायचे. "उम्रभर दिखानी है बेटा. ऐसे दिखाओगे?" एकदा एका मुलाची मार्कशीट लॅमिनेट केलेली निघाली. व्हायचं तेच झालं, विज्ञानाचे गुण रुमालाला चिकटून वर आले. दुसरी प्रत काढायला हे त्या मुलाबरोबर बोर्डाच्या ऑफिसात दोन खेपा घालून आले. तेव्हापासून इस्त्री उचलायच्या आधी विचारायचे, "प्लास्टिक तो नहीं है?"

मी तेव्हा नोएडातल्या एका कंपनीत होतो. एका शिक्षणसंस्थेची दिल्लीच्या आसपास वीसेक कम्युनिटी कॉलेजं होती. शिलाई, वायरिंग, रुग्णसेवा असले वर्षा-दोन वर्षांचे कोर्स. मुलं एका कॉलेजात यायची, सोडायची, दुसऱ्यात जायची, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना नवा नंबर मिळायचा. संस्थेला हवं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याला एकच नंबर असावा आणि एकच लॉगिन. हजेरी, परीक्षेचा फॉर्म, निकाल, सगळी दारं एका किल्लीने उघडली पाहिजेत. सिंगल साइन-ऑन. मीटिंगमध्ये फार छान दिसतं ते. निळे बाण असतात.

जुनी रेकॉर्डं एकत्र करायचं काम माझ्याकडे होतं. मयूर विहारच्या घरून निघायचं, मेट्रो, मग रिक्षा, आणि एकेका कॉलेजात जाऊन तिथल्या क्लार्कची मनधरणी करायची. बहुतेक ठिकाणी चहा मिळायचा आणि काम मिळायचं नाही. इथे उलटं होतं. चहा विचारत नसत, पण रजिस्टर असं की कुठेही खाडाखोड नाही.

पहिल्या दिवशी आडनाव ऐकून त्यांनी मान वर केली. "कुठला?"

"पुणे."

"म्हणजे पुण्यातलाच, की आसपासचा?"

"पुण्यातलाच."

"मग अवघड आहे," म्हणाले, आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. स्वतः माणदेशातले. वीस-बावीस वर्षं पलटणीत क्लार्क, शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंट, मग इथेच राहिले. कॉलेजात सगळे त्यांना 'सूबेदार साब' म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ते न कंटाळता दुरुस्त करायचे, "हवालदार. जितना है उतना बोलो." मी काका म्हणायचो. ते मला शेवटपर्यंत इंजिनिअरच म्हणत राहिले. त्यात थोडी थट्टा होती, हे मला उशिरा कळलं.

नवीन विद्यार्थी आला की ते खुर्चीतून उठायचे. समोर उभं करून त्याचं नाव, बापाचं नाव, गाव मोठ्याने उच्चारायचे, आणि तेवढा वेळ चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. पोरी लाजून चूर व्हायच्या, मुलं फिदीफिदी हसायची. मग रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात फौजेतल्यासारखी ओळखखूण लिहायचे. 'डाव्या कानामागे तीळ.' 'उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.' मी म्हटलं, काका, फोटो आहे की. तर म्हणाले, "फोटोत सगळे घाबरलेले असतात. घाबरलेली माणसं सारखीच दिसतात."

का हो एवढा उपद्व्याप, विचारलं, तर एक गोष्ट सांगायचे. पलटणीत एकाच नावाचे दोन जवान होते. एकाला स्वयंपाकाच्या कोर्सला पाठवायचं होतं, ह्यांनी कागदावर दुसऱ्याला पाठवलं. "लेका, सहा महिने आख्खी कंपनी कच्च्या पोळ्या खात होती. आणि ज्याला स्वयंपाक येत होता तो पहाऱ्यावर!" हे सांगताना इतके हसायचे की चष्मा काढून डोळे पुसायला लागायचे. पण हसणं संपलं की म्हणायचे, "माणूस एक, नंबर एक, हे बिल्कुल मान्य. पण आधी माणूस बघ. नंबर कुठे पळून जातोय?"

लॉगिनच्या बाबतीत तर कहर होता. बाकी अख्ख्या स्टाफचा मिळून एकच पासवर्ड, तो भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवलेला. काकांनी मात्र पासवर्ड फार मनावर घेतला. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द, आणि परवलीचा शब्द रोज बदलतात, असं त्यांचं म्हणणं. रोज बदलायचे. रोज विसरायचे. रोज सकाळी मी मेट्रोत उभा असताना फोन. "इंजिनिअर, पहारेकरी आत घेत नाही रे." मी मेट्रोतूनच त्यांना नवा पासवर्ड द्यायचो आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो. घरी हे सांगितलं तेव्हा दिल्लीतच वाढलेल्या माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, परवली म्हणजे काय?" आता ते समजावत बसा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. यायचं टाळत होतो खरं तर.

दोन कॉलेजांतल्या दोन नोंदी एकाच विद्यार्थ्याच्या आहेत हे कॉम्प्युटरने ओळखायचं कसं? आधारचा नंबर साठवू नका, असं संस्थेच्या वकिलाने सांगितलं होतं. फोन नंबरचा उपयोग नव्हता, एकेका घरात फोन एक आणि भावंडं चार. जुन्या फॉर्मात आईचं नावच नव्हतं. म्हणून मी नियम केला: विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख, तिन्ही जुळली की विद्यार्थी एकच. दोन्ही नोंदी जोडून टाकायच्या.

काकांना हा नियम दाखवला. त्यांनी इस्त्री उभी केली. "इंजिनिअर, तुझा जन्म कधीचा?"

"चौदा मार्च."

"वडिलांचा?"

"एक जून."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझे वडील खेड्यात शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा? आजोबा म्हणाले, पेरणीच्या आधीचा. मास्तरांनी लिहिलं एक जून. त्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस एक जूनलाच होता. आमच्या घरात यावर दरवर्षी विनोद व्हायचे.

काकांनी रजिस्टर उघडलं आणि रकान्यावरून बोट खाली नेत गेले. एक जुलै. एक जुलै. एक जुलै. "आपल्याकडे एक जून, इथं एक जुलै. शाळा जुलैत सुरू होते. ह्या एक जुलैवाल्यांना हात लावू नकोस. गावात जाऊन पूजा अशी हाक मार, दहा पोरी ओ देतील. त्यातल्या तिघींच्या बापाचं नाव राजकुमार असेल."

"काका, नाव, बाप, तारीख आणि सालसुद्धा? एवढं सगळं जुळणं अवघड आहे हो. यार, सोमवारी लाइव्ह जायचंय."

"जा मग," म्हणाले आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली.

मी गेलो. म्हणजे सिस्टिम सुरू केली. मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं, पण ते मान्य केलं असतं तर सगळा नियम पुन्हा लिहावा लागला असता, आणि मला कंटाळा आला होता. साधं, सरळ कारण हेच. कंटाळा.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. वाटलं, नेहमीचं पासवर्डाचं असेल. तर म्हणाले, "ये. पोरीचा बाप आलाय."

मी पोचलो तर ऑफिसात एक माणूस उभा, साहिबाबादच्या कारखान्यातला कामगार, हातात फोन. शेजारी मुलगी, मान खाली. रुग्णसेवेच्या कोर्सला होती, नाव पूजा. वार्षिक परीक्षेचा फॉर्म भरायला पाच दिवस उरले होते. तो भरताना स्क्रीनवर आलं, 'विद्यार्थी अन्य कॉलेजात नोंदलेला आहे', आणि लॉगिन बंद झालं. म्हणून बापाने पालकांच्या लॉगिनने बघितलं. त्यात पानिपतच्या कॉलेजातला शिलाईचा कोर्स दिसत होता. नाव पूजा, वडील राजकुमार, जन्म एक जुलै, सालही तेच. वर हजेरी, तारीखवार.

"ये पानीपत में क्या करती थी?" बाप मला विचारत होता, जणू मी तिथे होतो. "हमसे बोलती थी गाज़ियाबाद जा रही हूँ। किसके साथ जाती थी, पूछो इससे।"

पोरीचा फोन त्याने काढून घेतला होता. आठवडाभर घरात कोंडली होती, आज फक्त नाव काढायला आणली होती. एका नात्यातलं स्थळ आधीपासून सांगून आलंच होतं, मे महिन्यात उरकून टाकू म्हणत होता. ह्या परीक्षेनंतर एका हॉस्पिटलात तिची जागा ठरली होती, त्याचं आता नावही नको होतं.

मी समजावायला गेलो. "भाईसाहब, लड़कियाँ दो हैं। कंप्यूटर ने एक समझ लिया।"

"कंप्यूटर झूठ थोड़े ही बोलता है।"

काकांनी रजिस्टर त्याच्यासमोर ठेवलं. रोजची हजेरी, त्यांच्या हाताने लिहिलेली. हा शेवटचा आठवडा सोडला तर वर्षभरात ती चार दिवस गैरहजर होती, तेही तापाने. बापाने पानाकडे बघितलं आणि म्हणाला, "ये तो हाथ से लिखा है। कुछ भी लिख लो।"

मी ज्या गोष्टीचा पगार घेत होतो तिचा एवढा धाक कुणाला वाटत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

काकांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं. "ही गाठ सोडवायला किती दिवस?"

मी खरं ते सांगितलं. सिस्टिमची चूक म्हणून लिहिलं तर कमिटी बसणार, जोडलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासणार, दीड-दोन महिने कुठे गेले नाहीत. पण कॉलेजच्या क्लार्कने चुकून दुसरीचा नंबर हिच्या नावावर चढवला असं असेल, तर त्याने तसं लेखी द्यायचं की त्याच दिवशी नवा नंबर मिळतो. तसा फॉर्मच होता. मीच बनवला होता.

"आण तो फॉर्म."

"काका, चूक तुमची नाही. माझी आहे. मी लिहितो ना वर."

"लिही. तुझी कमिटी बसेल, आणि पोरगी मे महिन्यात बोहल्यावर चढेल." ते चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. "आणि कमिटीचा कागद त्या बापाला कळणार आहे का? त्याला माणूस चुकलेला कळतो. माणूस दे त्याला."

"तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय."

"मला पेन्शन आहे रे. तिला काय आहे?"

शर्टाची कॉलर नीट करून ते बाहेर गेले. बापासमोर टाचा जुळवून उभे राहिले. "गलती मेरी है। पानीपत वाली लड़की का नंबर आपकी बेटी के नाम पर मैंने चढ़ा दिया। आपकी बेटी रोज़ यहाँ आई है। लिखकर दे रहा हूँ।"

बापाचा चेहरा आधी सैल पडला. त्याने मुलीकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांनी तिने मान किंचित वर केली. मग त्या माणसाला राग आला, आणि आला तो सगळा काकांवर. काय काय बोलला ते इथे लिहवत नाही. बुड्ढा तर म्हणालाच, घरात मुली आहेत का विचारलं, शेवटी कॉलर धरली. स्टाफ जमा झाला. काका हात खाली सोडून उभेच. मी दारात होतो. दोन पावलं पुढे जाऊन 'चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांनी केलेलं सगळं वाया गेलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, अजूनही सांगतो. पण खरं सांगू? मला भीतीही वाटली होती.

चार वाजायच्या आत नवा नंबर आला. पूजाने तिथेच उभं राहून परीक्षेचा फॉर्म भरला. तिकडे पानिपतच्या पूजाचंही लॉगिन उघडलं. तिला बिचारीला काय झालं होतं हे कळलंही नसेल. "पानिपताहून कुणीतरी धड परत आलं," काका म्हणाले आणि कॉलरचं तुटलेलं बटण खिशात टाकलं.

महिनाअखेर त्यांचं कंत्राट वाढलं नाही. कारण लिहिलं होतं, 'नोंदणीतील गंभीर निष्काळजीपणा'. संस्थेच्या आढावा बैठकीत आमच्या साहेबांनी अभिमानाने सांगितलं की सिस्टिमची एकही चूक नोंदली गेलेली नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या आठवड्यात मी गुपचूप नियम बदलला, आईचं नाव मागवून घेतलं. तेव्हा अशा आणखी काही जोड्या निघाल्या, सगळ्या एक जुलैच्या. त्या सोडवल्या आणि कुणाला सांगितलं नाही. वर पत्र लिहायचं ठरवलं होतं. आधी म्हटलं, तिची परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, निकाल लागू दे. मग ते प्रोजेक्ट संपलं, मला बढती मिळाली, आणि पत्र राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी लिहिलं नाही.

त्यांचा एकदाच फोन आला, गावाहून. "परीक्षा दिली का तिने?"

"दिली काका. पास झाली."

"बरं." नोकरीबद्दल एक अक्षर नाही. मागे बकरी ओरडत होती. "इंजिनिअर, जेवतोस ना वेळेवर?" एवढं विचारून ठेवून दिला. पुढे मी काही फोन केला नाही. काय बोलणार होतो?

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आई आली होती, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन नोएडात केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी चादर बदलायला आली. आईला एका कुशीवर कसं वळवलं ते आईलाही कळलं नाही, इतका हलका हात. आई खूश. तिच्या त्या मोडक्या हिंदीत चौकशा सुरू झाल्या. कहाँ की, घर में कौन कौन, शादी किया क्या. मुलगी हसत उत्तरं देत होती. शादी नाही, आधी नोकरी, पापा आता स्वतःच सगळ्यांना सांगतात माझी लेक हॉस्पिटलात आहे. बिल्ल्यावर नाव होतं पूजा. कॉलेजचं नाव तिने सांगितलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला. तिने मला ओळखायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

"मेरी तो पढ़ाई छूट ही गई थी, माँजी," ती उशी सारखी करत म्हणाली. "एक बुड्ढे क्लर्क थे हमारे यहाँ। किसी और लड़की का नंबर मेरे नाम पे चढ़ा दिया। घर में क्या-क्या नहीं सुनना पड़ा मुझे। पापा आज भी गाली देते हैं उनको।"

"अरे देवा. फिर?" आई म्हणाली.

"फिर क्या, निकाल दिया उनको। अच्छा ही हुआ।" आणि माझ्याकडे वळून, आपलं साधं बोलता बोलता म्हणाली, "है ना सर? ऐसे लोगों को रखना ही नहीं चाहिए।"

आता तर लग्नाची भीती नव्हती. कमिटी नव्हती. बाप समोर नव्हता. बोलायला कसलीच अडचण उरली नव्हती.

"हाँ," मी म्हणालो. "अच्छा हुआ।"

ती जुनी चादर गोळा करून निघून गेली. आईने माझ्याकडे निरखून बघितलं. आईच ती. "काय रे, चेहरा का असा झालाय? तुझ्या ओळखीचा होता का तो क्लार्क?"

"नाही गं," मी म्हणालो.